नवी पेठेतल्या पाडलेल्या दुकानाबद्दल आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय: नवी पेठेतल्या पाडलेल्या इमारतीची कागदपत्रं कायम जतन करणं आणि तिथल्या माणसांच्या आठवणी नोंदवून घेणं.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी पेठेत निळे पत्रे मारून बंद केलेली एक जागा आपण येता-जाता पाहत असाल. पत्र्यांच्या आत आता खड्डा आहे आणि त्यात पाणी साचलंय. तिथं तीन मजली दुकान होतं. कापडापासून काचसामानापर्यंत सगळं एका छताखाली मिळायचं. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. मालकांच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे आणि मला ती मान्य आहे. ज्यांचं लग्न, बारसं किंवा शाळा सोलापुरात झाली त्यांना नाव सांगायची गरजही पडणार नाही.

मी शिंपी आहे. त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर माझं मशीन होतं, माझ्याआधी वडिलांचं होतं. तयार पँट घेतली की पाय दुमडणं, ब्लाउजची बाही सैल करणं, नव्या साडीला फॉल लावणं, कंबर कमी-जास्त करणं, ही आमची कामं. पोटमाळ्याला दुकानाच्या आतल्या बाजूला एक लाकडी कठडा होता. तिथून खालचा अख्खा मजला दिसायचा. माझं आयुष्य त्या कठड्यामागं गेलं. म्हणून या इमारतीबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं मी समजतो.

सुरुवातीलाच सांगतो, इमारत पाडायला नको होती असं माझं म्हणणं नाही. मूळ बांधकाम दगड-चुन्याचं, सगळा भार भिंतींवर. तिसरा मजला पुढं कधीतरी विटा-सिमेंटमध्ये चढवलेला. गच्चीवरचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरलं. लोखंडी गर्डर गंजले, आणि गंजलेलं लोखंड फुगून भोवतालचं बांधकाम फोडतं. तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भेग हलती असली तर काच तडकते. आमच्या जिन्यातली काच तडकली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 ची नोटीस दारावर लागली तेव्हा कुणी भांडलं नाही. खाली रस्त्यावर दिवसभर माणसांची वर्दळ असते. धोकादायक इमारत उतरवायलाच हवी होती.

माझं म्हणणं त्यानंतरच्या गोष्टींबद्दल आहे.

इमारत उतरवायला सुरुवात झाली तेव्हा समोरच्या फुटपाथवर माणसं थांबायला लागली. पहिल्या दिवशी मला वाटलं, जेसीबी बघायला थांबलेत. मग कळलं की माणसं एकमेकांना सांगतायत. ओळख ना पाळख, शेजारी उभ्या माणसाला सांगतायत. "त्या खिडकीशी माझ्या आईनं मला पहिला फ्रॉक घातला." "तिथं वर साड्या होत्या बघा, माझ्या बहिणीचा बस्ता तिथं झाला." मालट्रकवाला राडारोडा भरता भरता थांबून सांगत होता की त्याचा आजा गिरणीतून सुटला की आधी इथं यायचा. माझ्या खिशात मापाची वही असते, सवयीनं. त्याच वहीत मी लिहायला लागलो. छाती, कंबर, बाही लिहायच्या रकान्यात आता आठवणी आहेत. त्यातल्या काही आपल्यापुढं ठेवतो, कारण मी जे मागणार आहे त्याचं कारण त्यांत आहे.

आधी बस्त्याबद्दल सांगतो. दुकान चाललं ते बस्त्यावर.

मार्गशीर्षापासून पुढं लगीनसराई लागली की अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, तुळजापूर, पलीकडून इंडी, विजापूर अशी सगळीकडची माणसं यायची. एस.टी. स्टँडवरून दोन-तीन टांगे, पुढच्या काळात रिक्षा भरून एकेक घर उतरायचं. नवरदेवाकडचे आणि नवरीकडचे दोघं मिळून यायचे, कारण कुणी कुणाला काय नेसवायचं हे तिथंच ठरायचं. साड्यांच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या आणि लोड. वयानं सगळ्यात थोर बाई मध्ये बसायची. पहिली साडी देवीची. तिला हळदकुंकू लावलं की मग शालू, हळदीची साडी, करवल्यांच्या साड्या, विहिणीची, आत्याची, मामीची, मग मानापानाच्या, मग खण, शेवटी टॉवेल-टोप्या आणि पुरुषांचे पोशाख. यादी बहुतेक वेळा कुणाच्या तरी पाठ असायची, कागदावर नसायची. मालक दुपारी सगळ्यांना जेवायला घालायचे. संध्याकाळी गठ्ठा बांधला की वर नारळ ठेवायचे.

मला कठड्यावरून काय दिसायचं ते सांगतो. मुलीचा बाप कडेला बसलेला असायचा. प्रत्येक साडीला त्याची नजर आधी किमतीच्या चिठ्ठीवर जायची, मग मुलीच्या तोंडावर. आमच्या जुन्या सेल्समनना ते बरोबर कळायचं. ते दोन महाग साड्या दाखवायचे आणि आपणहून म्हणायचे, "या नकोत ताई, याचा काठ धुण्यात बसतो. ही घ्या, हिला काही होत नाही." तिसरी स्वस्त असायची आणि खरोखर टिकाऊही असायची. बापाची मान वर राहायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि मालकांनी कधी त्यावरून त्यांना बोल लावला नाही.

मंगळवेढ्याकडचे एक आजोबा पत्र्यांजवळ माझ्याशी बराच वेळ बोलले. 1972 च्या दुष्काळात त्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. घरची सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. वडील दुकानात आले ते जाडंभरडं लुगडं आणि एक पातळ एवढंच घ्यायचं ठरवून. दुकानानं पूर्ण बस्ता बांधून दिला आणि पैसे ज्वारी येईल तेव्हा द्या म्हणून सांगितलं. पैसे फेडायला पुढं किती वर्षं गेली हे ते आजोबा सांगू शकले नाहीत. पण फेडले, आणि ज्या दिवशी फेडले त्या दिवशी वडिलांनी दुकानातून स्वतःसाठी एक धोतर घेतलं, एवढं त्यांना पक्कं आठवतं.

उधारीची वही हा या दुकानाचा खरा इतिहास होता. आपलं शहर गिरण्यांचं. 1877 ला सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. भोंग्यावर शहर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरणी कामगाराच्या खात्यावर दुकानात नाव आणि गिरणीतला बिल्ला नंबर लिहायचे, पत्ता नाही. पत्ते बदलायचे, चाळी बदलायच्या, नंबर बदलायचा नाही. पगाराच्या संध्याकाळी तळमजल्यावर पाऊल ठेवायला जागा नसायची. माणसं आधी मागचं भागवायची आणि मग नवीन न्यायची. दिवाळीचा बोनस झाला की वरच्या मजल्यांवर गर्दी व्हायची, तेव्हा बायका-पोरंही बरोबर असायची. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तसतसे त्या वहीतले नंबर थांबत गेले. मालकांनी त्या खात्यांवर लाल रेघ कधी मारली नाही. उरलेली बाकी तशीच राहिली.

त्या वह्या आज कुठं आहेत? काही मालकांच्या घरी माळ्यावर आहेत. काही राडारोड्यात गेल्या असाव्यात. दोन मला मिळाल्या, त्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यात माणसांची नावं आणि देणी आहेत, म्हणून त्या कुणाला सरसकट दाखवत नाही. पण एखादा अभ्यासक बसला तर सोलापूरचा कामगार कोणत्या महिन्यात काय नेसायचा, किती उधार घ्यायचा, कधी फेडायचा, हे सगळं त्याला त्यातून काढता येईल.

दुसरी गोष्ट भाषेची. दुकानात शिरल्यावर समोर 'एकच भाव' अशी पाटी होती, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिपींत. सोलापुरात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, बाहेरच्यांना वाटतं. पूर्व भागातली पद्मशाली बाई आली की तेलुगूत 'एम कावाली', अक्कलकोटचं गिऱ्हाईक आलं की 'एन बेकु', विजापूर वेशीकडची म्हातारी आली की 'क्या होना अम्मा', बाकीच्यांना 'या की बसा'. एकच सेल्समन हे चारही बोलायचा. गिऱ्हाइकाच्या चपला आणि पदर बघून पहिलं वाक्य कोणत्या भाषेत टाकायचं ते तो ठरवायचा, आणि चुकलाच तर लगेच बदलायचा. शहरातल्या पेठा वेगळ्या, देवळं-मशिदी वेगळ्या, लग्नाच्या तऱ्हा वेगळ्या. पण मांजरपाट फाडून घ्यायला सगळे त्याच काउंटरला उभे असायचे. रमजानच्या शेवटच्या रात्री दुकान उशिरापर्यंत उघडं राहायचं. गुढीपाडव्याच्या आणि उगादीच्या आधी तेलुगू घरांची रीघ लागायची. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते. त्याच्या आधी महिनाभर तळमजल्यावर पांढरं कापड खपायचं, कारण नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, धरणाऱ्या मानकऱ्यांना आणि त्यांच्या पोरांना बाराबंदी, म्हणजे पांढरा अंगरखा, शिवायची असायची. बाराबंदीला गुंड्या नसतात, बंद असतात. ते बंद सरळ शिवणं सोपं नाही. वडिलांनी मला सगळ्यात आधी तेच शिकवलं. यात्रेच्या दिवशी रस्त्यावर पांढऱ्या रांगा निघाल्या की मला अजून वाटतं, यातलं कापड कुठल्या थानातलं ते मी सांगू शकेन.

तिसरी गोष्ट कापडाच्या ज्ञानाची, आणि ती मला फार जवळची आहे. आपल्याकडं कापडाचं गाव म्हणून चादरीचं आणि टॉवेलचं नाव घेतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, ते योग्यच आहे. पण कापड ओळखणारी माणसं विणणाऱ्यांइतकीच विकणाऱ्यांतही होती. टेरिकॉटचा जमाना आला तेव्हा गिऱ्हाइकाला सूत किती आणि टेरीन किती कळायचं नाही. आमचे सेल्समन कडेचा एक धागा उपसून काडी लावायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटानं चुरगळते. टेरीन वितळून त्याचा टणक मणी होतो. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. गिऱ्हाईक स्वतः हुंगून बघायचं. पॉपलिन कात्रीनं कापायचे नाहीत. बारीक चीर देऊन दोन हातांनी फाडायचे, म्हणजे धाग्याच्या रेषेत सरळ जातं आणि गिऱ्हाइकाचं दोन बोटंही कापड वाया जात नाही. तो आवाज अख्ख्या मजल्यावर घुमायचा.

1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, पण म्हाताऱ्या बायका माझ्या लहानपणीही वारानंच मागायच्या. म्हणून काउंटरच्या कडेला दोन पितळी पट्ट्या ठोकलेल्या होत्या, एक वाराची आणि एक मीटरची. वार म्हणजे 91 सेंटिमीटर आणि वर थोडं. कुणी वारानं मागितलं तर वारानं मोजून दाखवायचे आणि बिल मीटरनं करायचे. ती वाराची पट्टी पाडकामाच्या वेळी एका मजुरानं काढून मला आणून दिली. तिचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

पैसे देण्याची पद्धत तर पोरांची करमणूक होती. गल्ला मागच्या बाजूला उंच चौथऱ्यावर. प्रत्येक काउंटरपासून गल्ल्यापर्यंत तार ओढलेली. बिल आणि नोटा एका डबीत घालून दोरी ओढली की डबी डोक्यावरून सूंऽऽ करत गल्ल्यावर जायची आणि सुटे पैसे घेऊन परत यायची. माझ्या वहीत सगळ्यात जास्त आठवणी त्या डबीच्या आहेत. साठी उलटलेली माणसं हातानं ती डबी कशी जायची ते करून दाखवतात.

पूर्व भागातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची आई विड्या वळायची. दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, आई त्यांना घेऊन दुकानात यायची आणि गणवेशाचं कापड दोन वर्षं पुरेल अशा बेतानं घ्यायची. शिलाई माझ्या वडिलांकडं. वडील पोटात मोठी दुमड ठेवायचे, पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावी म्हणून. बाईंनी मला सांगितलं, "तुमच्या वडिलांनी ती दुमड आतून इतकी सफाईनं शिवलेली असायची की वर्गात कुणाला कळायचं नाही." वडील हयात असते तर त्यांना हे ऐकून काय वाटलं असतं ते मी लिहू शकत नाही.

दुकान का बंद पडलं, ते थोडक्यात सांगतो. गिरण्या गेल्या, गाड्या लावायला जागा राहिली नाही, तयार कपडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळू लागले, मग फोनवर मिळू लागले, पुढच्या पिढीनं दुसरे उद्योग धरले. यात कुणाचा दोष काढायचा नाही.

आता माझी मागणी.

ही इमारत पाडायच्या आधी तिची नीट मोजणी झाली. 30 वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आपल्याच अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणं करावी लागते. म्हणजे अभियंत्याचा अहवाल आहे, भेगांचे आणि खांबांचे फोटो आहेत, मजल्यांचे नकाशे आहेत. कधीकाळी मंजूर झालेला वाढीव मजल्याचा नकाशाही कुठल्या तरी दप्तरात असेल. याचा अर्थ त्या दुकानाचं शरीर कागदावर अजून शाबूत आहे. त्याच्यासाठी वेगळा खर्च करायचा नाही, वेगळी समिती नेमायची नाही. फक्त ती फाइल हरवू द्यायची नाही.

सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते हे मला माहीत आहे. अ वर्गाचा कागद कायम राहतो, बाकीचे आपापली मुदत संपली की नष्ट होतात. इमारत पडली, नवीन परवानगी झाली, की जुन्या इमारतीची फाइल कुणाला कशाला लागेल, असं दप्तर सांभाळणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. माझी विनंती आहे की या इमारतीची फाइल अ वर्गात घ्यावी. आणि इथून पुढं गावठाणातली आणि जुन्या पेठांतली कुठलीही इमारत पाडायची परवानगी देताना नकाशे, फोटो आणि अहवाल यांची एक प्रत सार्वजनिक ठिकाणी जमा करायची अट घालावी. हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, आपलं विद्यापीठ आहे. ज्याला वाचायचं त्याला तिथं बसून वाचता येईल अशी सोय झाली तर पुरे.

कुणी म्हणेल, हे खासगी दुकान, महापालिकेनं यात का पडावं? जुना किल्ला, तळं, देऊळ, वाडे यांची काळजी घ्यायची, दुकानांची कशाला? मला असं वाटतं की 1930 साली इंग्रजांनी शहरावर लादलेल्या मार्शल लॉची आठवण आपण जपली, चार हुतात्म्यांचे पुतळे चौकात उभे केले, गिरण्यांवर थोडंफार लिहिलं गेलं. पण गिरणीतून सुटलेला माणूस पगार घेऊन कुठं गेला, त्याच्या बायकोनं काय निवडलं, कुणाशी कुठल्या भाषेत भाव केला, कापड कसं ओळखलं, हे कुठल्याच पुतळ्याखाली लिहिलेलं नाही. ते घडायचं दुकानात. आणि दुकान खासगी असलं तरी तिथं घडणारं सगळं शहराचं होतं.

इतर शहरांत काय झालं तेही बघावं. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर व्हाइटवे लेडलॉचं मोठं इंग्रजी दुकान होतं. दुकान गेलं, इमारत राहिली, आणि तिच्यात खादी भांडार आलं. चेन्नईत माउंट रोडवरचं स्पेन्सरचं जुनं दुकान 1983 च्या आगीत गेलं. त्या जागी पुढं नवी इमारत झाली, पण तिचं नाव स्पेन्सर प्लाझाच राहिलं. एका ठिकाणी भिंती टिकल्या, दुसऱ्या ठिकाणी नाव टिकलं. आपल्याकडच्या भिंती उतरल्या आहेत आणि नाव घरच्यांना नको आहे. त्यामुळं उरतात ते कागद आणि माणसं. कागद आपल्या ताब्यात आहेत. माणसं अजून आहेत.

आणि महोदय, जुन्या वास्तूची किंमत महापालिकेला मी सांगायची गरज नाही. इंद्रभुवन ही आप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेली वास्तू. तिच्या कमानी आणि नक्षीकाम बघायला बाहेरगावची माणसं येतात, आणि आपला कारभार त्याच वास्तूत चालत आला. ती टिकली कारण ती भक्कम होती आणि तिला मोठ्या माणसाचं नाव होतं. आमची इमारत भक्कम नव्हती. तिचं नोंदीत राहणं तरी व्हावं.

माणसांच्या बाबतीत घाई करायला हवी. दुकानात कामाला असलेले किती तरी लोक गेले. जे आहेत ते थकले आहेत. कुणी पूर्व भागात मुलाकडं राहतं, कुणी जुळे सोलापुरात, कुणी पुण्याला. विद्यापीठातल्या इतिहासाच्या आणि जनसंवादाच्या विद्यार्थ्यांना महापालिकेनं एक पत्र दिलं तरी ती मुलं घरोघर जाऊन या लोकांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करतील. एवढंच बघावं की ज्याची जी भाषा त्या भाषेत बोलू द्यावं. तेलुगूत बोलणाऱ्याचं तेलुगूत, कन्नडमध्ये बोलणाऱ्याचं कन्नडमध्ये. मराठीत नंतर आणता येईल. हे लोक गिऱ्हाइकाशी चार भाषांत बोलले, पण स्वतःबद्दल सांगताना घरच्याच भाषेत मोकळे होतात. मी हे त्यांच्याबरोबर डबा खाऊन शिकलो आहे.

मापाच्या वह्या, वाराची पट्टी, बिलांचे दोन गठ्ठे, कापडी पिशव्या, आणि पोटमाळ्यावरून कधीकाळी कुणीतरी काढलेले तळमजल्याचे चार फोटो माझ्याकडं आहेत. हे सगळं द्यायला मी तयार आहे. पावती द्यावी, आणि जिथं ठेवाल तिथं कुणालाही बघता यावं, एवढी अट. उधारीच्या वह्यांबद्दल मात्र आधी बसून बोलावं लागेल, त्यातली नावं झाकून ठेवायला हवीत. मालकांच्या घरच्यांशी मी बोललो आहे. त्यांच्या माळ्यावरचे कागद बघू द्यायला ते तयार आहेत, फक्त महापालिकेकडून कुणी जबाबदार माणूस आला पाहिजे.

सुरुवात कुठून करायची ते सुचवतो. साड्यांच्या मजल्यावरचे सगळ्यात जुने सेल्समन पूर्व भागात मुलीकडं राहतात. वय नव्वदीच्या जवळ आलंय, ऐकू कमी येतं. संध्याकाळी दमतात, पण सकाळी 10 ते 12 चांगलं बोलतात. तेलुगू जाणणारा कुणी बरोबर असावा, आणि येताना दोन-तीन जुन्या साड्या आणाव्यात. हातात कापड दिलं की ते आपणहून सांगायला लागतात. घर मी दाखवीन. आपल्या कार्यालयातून निरोप आला की त्याच आठवड्यात जाऊ.

आपला विश्वासू,
नवी पेठेतला एक शिंपी